उजवीकडे ढकललेली पानथरी

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. हे लिहायला बसले तेव्हापासून तीनदा उठून झालं. एकदा दूध पाहायला, एकदा खिडकी लावायला आणि एकदा काही कारण नसताना. म्हणून हे लिखाण मध्येच तुटेल, पुन्हा सुरू होईल. चालवून घ्या. पोटात फिरता गोळा घेऊन घरातल्या घरात वावरणाऱ्या बाया आपल्या वऱ्हाडात कमी नाहीत. कोणी त्याला वायगोळा म्हणतं, कोणी बेंबी सरकली म्हणतं. मी त्याला तीन महिने बाळ म्हटलं. त्यापायी माझा जीव जाता जाता राहिला, म्हणून सांगते आहे.

माझं नाव सुभद्रा. माझे यजमान अकोल्याला शाळेत गणित शिकवतात. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं, म्हणून इथे मीही मास्तरच म्हणेन. सासूबाई दर्यापूरकडच्या, शेतकरी घरातल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. घरात आम्ही तिघंच. पहिली मुलगी झाली होती, ती पाच महिन्यांची होऊन तापाने गेली. त्यानंतर सात वर्षं काही नाही. मला घरात कोणी टोचून बोललं नाही, हे खरं सांगते. पण शेजारी बारसं झालं की आत्याबाई तिथून आलेल्या घुगऱ्या न खाता तशाच झाकून ठेवायच्या. मला ते दिसायचं. मग मी सारवलेलंच अंगण पुन्हा सारवायला घ्यायची.

गोळा

पावसाळा सरता सरता मला दर वर्षी हिवताप यायचा. त्या वर्षी जास्तच आला. अंगातलं रक्त आटलं, नखं पांढरी पडली. ताप गेला, पण महिना उलटून गेला तरी मी बाहेर बसले नाही. दुसराही महिना तसाच गेला. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, सकाळी उमासे यायचे. एक दिवस आंघोळ करताना बेंबीखाली हाताला काहीतरी टणक लागलं. मी तशीच ओल्या लुगड्याने आत्याबाईंकडे पळाले.

त्यांनी हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. "मायबाई! सुभद्रे, राह्यलं वो!"

गोदा सुईण आमच्याच आळीतली. तिने चाचपून तिसरा लागला म्हणून सांगितलं. तिला दोष देऊ तरी किती? दिवस चुकलेले, उमासे येत होते, पोटात गोळा होता. अशा वेळी कोणती बाई दुसरं काही म्हणेल? दुसऱ्याच आठवड्यात आत्याबाईंनी चोरओटी भरली. बाहेरच्या कुणाला कळू न देता, घरातल्या घरात, दार लोटून, खण नि नारळाने. मास्तर तेवढा वेळ अंगणात येरझारा घालत होते. ते मला नंतर म्हणाले, "एकदा डॉक्टरला दाखवू या का?" मी फटकन म्हटलं, "गरोदर बाई काय आजारी असते?" त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. बायकांच्या गोष्टीत पडायचं नाही, अशी त्यांची पद्धत. ही पद्धत फार वाईट. नवऱ्यांनो, पडत जा मध्ये.

गोळा फिरायचा. उभी राहिले की खाली ओटीपोटात यायचा, निजले की वर डाव्या बरगडीकडे सरकायचा. मला त्याची गंमत वाटायची. माझ्यावरच गेलंय, म्हटलं, एका जागी ठरत नाही. भाकरी थापताना मी त्याच्याशी बोलायची. "बंड्या, बस की रे घडीभर! तुझ्या बापाचं जेवण व्हायचंय." असं तीन महिने चाललं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मी फार सुखात होते. सात वर्षांत पहिल्यांदा मला उगाच उठून फिरावंसं वाटत नव्हतं.

उजवी कूस

आमच्याकडे म्हणतात, गर्भ उजव्या कुशीला असला तर मुलगा, डाव्या कुशीला असला तर मुलगी. माझा गोळा बहुतेक डावीकडे असायचा. आत्याबाईंच्या जिवाला घोर लागला. त्यांनी गोदेला विचारलं, "इकडचं तिकडे कराले जमन काय?"

"कवळं हाये तवर जमते," गोदा म्हणाली. "तेल लावून हळूहळू सरकवतो. मोठं झाल्यावर नाही आयकत थे."

सगळा ठपका आत्याबाईंवर टाकणं सोपं आहे. मास्तरांनी तेच केलं. पण मला विचारलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं. मला मुलगाच हवा होता अशातलाही भाग नाही. त्या दोघी माझ्या पोटाकडे इतक्या कौतुकाने बघत होत्या की मला ते संपू नयेसं वाटत होतं.

तीन दुपारी तेल लावलं. गोदेचा हात मऊ होता, दुखलं नाही. दोन दिवस गोळा रात्रीतून परत डावीकडे यायचा. तिसऱ्या दुपारी तो तिच्या तळव्याखाली चांगला उजवीकडे गेला, आणि जाता जाता आतल्या आत फिरला. ते फिरणं मला कळलं. "गेला वो!" गोदा आनंदाने म्हणाली. आत्याबाईंनी माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. आणि मग दुखायला लागलं.

कळ म्हणजे काय ते मला बाळंतपणात ठाऊक झालं होतं. ही कळ तशी नव्हती. बाळंतपणाची कळ येते नि जाते, मध्ये श्वास घेऊ देते. ही आली ती बसली. खांद्यापर्यंत चढली. मी उठले, बसले, भिंतीला धरून उभी राहिले, ओणवी झाले. कोणत्याच बाजूला सोय होईना. मास्तर शाळेतून आले तेव्हा मी उंबऱ्यात गुडघे टेकून ओकत होते.

रिकामं

टांगा करून अकोल्याच्या बायकांच्या दवाखान्यात नेलं. तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, तरुण, चष्म्याच्या. त्यांनी आतून तपासलं, बाहेरून तपासलं, हात धुतले आणि माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "बाई, तुमची गर्भाची पिशवी रिकामी आहे."

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, बाळ गेलं असं म्हणतात.

"गेलं नाही. नव्हतंच. तापाने रक्त आटून तुमची पाळी थांबली आहे. ही तुमची पानथरी आहे, प्लीहा. जागा सोडून खाली आली आहे आणि तिला पीळ बसला आहे. उशीर केलात तर जिवावर बेतेल. आजच्या आज अमरावतीला न्या."

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. खोटारडी म्हटलं. आत्याबाई दारातून म्हणाल्या, "जिचं सोताचं लेकरू नाही, तिले काय समजते!" डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहीत राहिल्या. नंतर बरी झाल्यावर मी त्यांच्याकडे जाऊन पाया पडले. त्या म्हणाल्या, "मला रोज कोणीतरी बोलतं, तुम्ही त्यातल्या बऱ्या."

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि मोठं दुखणं म्हटलं की लोक नागपूरचं नाव घ्यायचे. पण अमरावतीला सरकारी दवाखान्यात एक सर्जन पोटाची कामं करतात, असं चिठ्ठीत होतं. बडनेऱ्यापर्यंत मोठी गाडी, पुढे अमरावतीची लहान फेरी. बाकावर मला आडवी केली होती. एका बाजूला मास्तर, पायाशी आत्याबाई, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद. दर स्टेशनला मला उतरावंसं वाटायचं. कुठे जायचं ते माहीत नव्हतं, फक्त तिथून उतरायचं होतं.

हलायचं नाही

दवाखान्यात पहिला हुकूम झाला, हलायचं नाही. कुशीवर वळायचं नाही, उठून बसायचं नाही. वळलं तर पीळ वाढेल. मला, जिला जेवतानासुद्धा दोनदा उठावं लागतं, तिला उताणं पाडून ठेवलं! छताला किती पट्ट्या आहेत ते आजही सांगू शकेन. सुई टोचल्यावर कळ जरा कमी झाली आणि तेवढ्यावर मला हुशारी आली. म्हटलं, बघा, बरं वाटतंय. मला घरी न्या. पोट कापू देणार नाही.

मास्तर कागद घेऊन उभे होते. त्यांची सही पुरेशी होती, पण सर्जन म्हणाले होते, बाईंनी हो म्हटल्याशिवाय मी टेबलावर घेणार नाही, भांडत क्लोरोफॉर्म घेणारा रोगी मला नको.

"सुभद्रे, हो म्हण," मास्तर म्हणाले.

"माझ्या लेकरावर सुरी चालवायला हो म्हणू?"

"अगं, लेकरू नाही ते."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही हात तरी लावून पाहिलात का कधी?"

मग आत्याबाई म्हणाल्या, "मलेही तसंच वाट्टे. फिरत होतं थे. पानथरी काय अशी फिरते?" मास्तर आईवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "तूच फिरवलंस! तुझ्या उजव्या कुशीपायी ही मरायला टेकली आहे!" सगळा वॉर्ड बघत होता. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. मला त्यांची कीव आली नाही. त्या माझ्या बाजूच्या एकट्याच होत्या आणि त्याही उठून गेल्या, एवढंच मला वाटलं.

तासाभराने सर्जन आले. ठेंगणे, टक्कल पडलेले, बोलणं कोकणातल्या माणसासारखं. चिडतील म्हणून मी तयारीत होते. ते खुर्ची ओढून बसले आणि मास्तरांना म्हणाले, "सदरा वर करा."

"माझा?"

"तुमचाच."

मास्तर लाजले. वॉर्डातल्या बाया पदराआड हसल्या. सर्जननी त्यांच्या डाव्या बरगडीवर मागच्या बाजूला बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने ठोकलं. "ऐका. भरल्या माठाचा आवाज येतो ना? इथे पानथरी असते." मग माझ्या त्याच जागी ठोकलं. पोकळ वाजलं. मलाही ऐकू आलं. "इथे कोणीच नाही. घर रिकामं आहे. मग घरधनीण कुठे गेली?"

त्यांनी माझं पहिलं बोट धरलं आणि माझ्याच पोटावर, गोळ्याच्या कडेवर नेऊन ठेवलं. "हळू सरकवा. काय लागतं?"

कड लागली. धारेसारखी. पुढे एक खाच लागली, बोट जरा आत गेलं. थोडं पुढे दुसरी.

"पानथरीच्या काठाला अशा खाचा असतात, बाई. प्रत्येकाच्या. बाळाला कुठे असतात खाचा?"

मी ते बोट कितीतरी वेळ तिथेच ठेवलं. तीन महिने मी त्या गोळ्यावरून हात फिरवला होता, गोंजारलं होतं, पण कड कधी चाचपली नव्हती. मला चाचपायचीच नसावी. लेकराचं डोकं गोल असतं, पाठ गोल असते, एवढं मला माहीत होतं. एक लेकरू मी मांडीवर घेतलं होतं.

"मग माझं बाळ?" मी विचारलं.

"नव्हतं, बाई," ते म्हणाले. त्यांनी खाली पाहिलं नाही, घाईही केली नाही.

मग मास्तरांना समजावं म्हणून त्यांनी कागदाच्या पाठीवर चित्र काढलं. मी पडल्या पडल्या पाहिलं. पानथरी पोटात नुसती ठेवलेली नसते. चार पातळ पदरांनी ती बांधलेली असते. एक पदर जठराकडे जातो. एक मागे मूत्रपिंडाकडे. एक वर, श्वासाच्या पडद्याला. आणि खाली आतड्याकडून एक पदर येतो, त्याच्यावर ती टेकते. गाईला चार दाव्यांनी बांधावं तशी. कुणाकुणाची ही दावी जन्मापासून लांब असतात, कुणाची बाळंतपणाने नि वारंवार ताप येऊन पानथरी जड झाल्याने ताणतात. मग ती फिरायला लागते. "आणि मेख इथे आहे," म्हणून त्यांनी मागच्या पदरावर रेघ ओढली. "रक्ताची मोठी नळी या पदरातूनच येते. पदर लांबला की पानथरी त्याच्यावरच गरगरते. पिळली की रक्त बंद."

"चोळल्याने पिळली?" मास्तरांनी विचारलं. दाराकडे बघत.

"चोळल्याने पिळली असेल, नाहीतर एखाद्या दिवशी अंथरुणात वळताना पिळली असती. आता त्याचा हिशेब करून काय उपयोग?" सर्जन म्हणाले. "तापाने वाढलेल्या बाकीच्या पानथऱ्या आजूबाजूला घट्ट चिकटलेल्या असतात. तो मागचा पदर दिसतसुद्धा नाही, बोटाने चाचपत सोडवावा लागतो आणि तिथेच रक्त जातं. ही मात्र हातात येईल. काळजी एकच. त्या पदराच्या टोकाला स्वादुपिंडाचं शेपूट असतं, नळी बांधताना ते दोऱ्यात सापडता कामा नये. जिवंत असली तर जागेवर बसवून टाके घालीन. मेली असली तर काढीन. बाई, काय म्हणता?"

मी बोट काढलं आणि म्हटलं, "काढा."

नंतर

क्लोरोफॉर्मचा वास गोड असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मास्तरांचे पाढे मनात म्हणत होते, एकोणीसच्या पाढ्यात अडकले.

शुद्धीवर आले तेव्हा तहान. दुसरं काही आठवत नाही, फक्त तहान. पाणी द्यायचं नव्हतं. रूथबाई नावाच्या नर्स होत्या, त्या ओला कापूस ओठांवरून फिरवायच्या आणि सांगायच्या, "चोखू नका हो, फसवू नका मला." मी चोखायची. त्यांना कळायचं, पण दर वेळी कापूस जरा जास्तच ओला असायचा.

पानथरीने तीन वेढे घेतले होते. काळी पडली होती. मागचा पदर वीतभर लांबला होता, तिला परत बसवण्यात अर्थ नव्हता. सर्जननी तबकात घालून मास्तरांना दाखवली. मास्तर बघून वऱ्हांड्यात जाऊन बसले आणि बराच वेळ आत आले नाहीत. मला कोणी दाखवली नाही, मीही मागितली नाही.

पाचव्या दिवशी ताप चढला. सगळ्यांचे चेहरे उतरले. मी रूथबाईंना विचारलं, मरते का मी? त्या म्हणाल्या, "तुमची चुळबूळ चालू आहे तोवर नाही." दोन दिवसांनी उतरला. या दोन दिवसांत मी देवाला नवस बोलले नाही, कारण काय मागायचं तेच सुचेना. जगायचं होतं, पण घरी जाऊन करायचं काय ते दिसत नव्हतं.

बायांनो, एवढं ऐका. पोटात गोळा फिरत असला, निजल्यावर वर जात असला, तर त्याला चोळू देऊ नका, सरकवू देऊ नका, पट्टा आवळू नका. सुईणीचा हात कितीही मऊ असो. डॉक्टरकडे जा आणि दुखायला लागलं तर वाट बघू नका. दिवस राहिले म्हणून आनंद झाला असेल तर तो आनंद घेऊनच जा, पण जा. पानथरी काढल्यावर माणूस जगतं. मी जगते आहे, आणि आणखी एकदा उठून येते.

आले. चूल विझली होती.

माझा राग मात्र विझत नव्हता. आत्याबाई रोज पायरीवर बसलेल्या असत. मास्तर त्यांच्याशी कामापुरतं बोलत, मी तेवढंही नाही. त्या पेज घेऊन आल्या की मी भिंतीकडे तोंड करायची. वळायची परवानगी मिळाल्यावर मी पहिल्यांदा केलं ते हेच. माझ्याच होकाराचा राग मी त्यांच्यावर काढत होते. मला ते कळत होतं, पण थांबवता येत नव्हतं.

दहाव्या दिवशी टाके काढले, आतले राहिले. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. मी रूथबाईंना सहज विचारावं तसं विचारलं, "अशा काढलेल्या वस्तू कुठे टाकता हो तुम्ही?"

"मागे खड्डा आहे," त्या म्हणाल्या. आणि मग, "तुमची नाही टाकली. तुमच्या सासूबाईंनी मागून घेतली."

मी पायरीवरून आत्याबाईंना बोलावून घेतलं. अकरा दिवसांत पहिल्यांदा.

"काय केलं तुम्ही तिचं?"

"काई नाही."

"आत्याबाई!"

"थ्या खड्ड्यात कुत्रे येतात वो," त्या म्हणाल्या. "मले पाह्यवलं नाही. मांगं लिंबाचं झाड हाये. झाडूवाल्यानं खंदून देल्लं. माह्या लुगड्याचा धडपा फाडला, त्यात गुंडाळली. वरून मीठ टाकलं."

आमच्याकडे तान्हं लेकरू गेलं तर जाळत नाहीत, पुरतात आणि वर मीठ घालतात. माझं डोकं फिरलं. मी ओरडले, "पानथरी होती ती! लेकरू नव्हतं! डॉक्टरांनी सांगितलं, मास्तरांनी सांगितलं, माझ्या बोटाला खाचा लागल्या, तरी तुम्हाला अजून..."

"मले काय समजत नाही काय?" आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "म्या सोता पाह्यली. काळीठिक्कर पानथरी होती. लेकरू नोतं, मले मालूम हाये. पन तू तीन महिने तिच्याशी बोलून राहिली होती. म्या आयकत होती ना, चुलीपाशी बसून. ज्याच्याशी तू येवढी बोलली, थे म्या कुत्र्याले कसं टाकू देऊ?"

मला तोपर्यंत रडू आलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी रिकामं म्हटलं तेव्हा नाही, बोटाला खाच लागली तेव्हा नाही, तापात नाही. ते सगळं आता एकदम आलं. पोट हादरायला लागलं, आतले टाके ताणायला लागले, तरी थांबेना.

"रडाचं तर रड," आत्याबाई म्हणाल्या, "पन टाक्यावर हात धर." मला धरता येत नव्हता, म्हणून त्यांनीच धरला.